भिंतीचा रंग तोंडाला

वसई-विरारमध्ये ऊन कुणी वाया घालवत नाही. आगाशीत राजेळी केळ्यांची सुकेळी होतात, अर्नाळ्याला बोंबील वाळतात, मिठागरात मीठ पिकतं. या यादीत आपल्या नवऱ्याची भर पडू नये, म्हणून बायकोनं घरी सनस्क्रीन आणलं. तेही ‘मिनरल’, म्हणजे झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडवालं. पहिलं बाळाच्या लंगोटाच्या पुरळावरच्या मलमात असतं, दुसरं भिंतीच्या पांढऱ्या रंगात.

ते फासून अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेलो. बोंबील उलटता उलटता एक मावशी म्हणाली, “काका, चुना कोणी लावला तुम्हाला?” मी ट्यूबची किंमत सांगितली, तसा तिचा संशय पक्का झाला.

सोसायटीतल्या निवृत्त काकांनी शास्त्र सांगितलं. “हे कण म्हणजे बारीक आरसे. ऊन आलं की परत पाठवतात.” टँकरचा हिशेबही ते याच आत्मविश्वासानं देतात आणि तोही असाच चुकतो. हे कण अतिनील किरण मुख्यतः गिळतात. परत धाडतात ते फार तर शेकडा पाच. किरणाच्या ऊर्जेनं कणातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतो, मग खाली येतो आणि ती ऊर्जा बहुतेक किंचित उष्णता होऊन जिरते. कातडीपर्यंत भानगड फारशी पोचत नाही.

मग तोंड पांढरं का? कारण डोळ्यांना दिसणारा प्रकाश हे कण गिळत नाहीत, चहूकडे उधळतात. कण १०० नॅनोमीटरपेक्षा बारीक केले, की पांढरेपणा बराच ओसरतो, गिळणं मात्र चालू राहतं. थोडक्यात, दिसतं ते कामाचं नाही आणि कामाचं ते दिसत नाही. आमच्या सोसायटीच्या कमिटीत पहिल्या प्रकाराचेच कण जास्त.

खरी गोम मापात आहे. ट्यूबवरचा एसपीएफ ५० ठरतो तो दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून. अख्ख्या अंगाला साधारण ३० ग्रॅम, वर दर दोन तासांनी पुन्हा. आमच्या घरात तोंडाला मटारएवढं मिळतं. त्यामुळे पन्नासातले बरेचसे ट्यूबवरच राहतात. हा हिशेब कागदावर मांडल्यावर ५० ग्रॅमची ट्यूब दुपारच्या जेवणाआधीच संपली.

बायकोनं कागद बघितला आणि निकाल दिला, “पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, टोपी घाला आणि उरेल तेवढ्यालाच लावा.”

त्वचेचे डॉक्टरही हेच सांगतात, फक्त फी घेऊन.