पक्कड विकत घ्यायची सोपी पद्धत (नवशिक्यांसाठी)

ज्यांच्या घरी वडिलांची जुनी पक्कड आहे, त्यांनी पुढचं वाचू नये. आमची 40 वर्षं चालली. मुठींवर सायकलची ट्यूब चढवलेली होती. ती केबलवाला "पाच मिनिटांत देतो" म्हणून घेऊन गेला.

बाकीच्यांनी अर्धा दिवस मोकळा ठेवून पुण्याच्या बोहरी आळीत जावं. दुकानात शिरल्या शिरल्या "पक्कड केवढ्याला?" असं विचारू नये. तुम्ही वायरमन नाही, बँकेत आहात, हे दुकानदाराला तिथेच कळतं आणि मग भाव तुमच्या चपला बघून ठरतो. "आठ इंची काढा" एवढंच तिरसटपणे म्हणावं, आणि काढलेलीकडे न बघता दुसरी मागावी. (मला हे जमत नाही. मी "जरा बघू का?" म्हणतो.)

पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. तिच्यापेक्षा जास्त घेणं बेकायदा. कमी घ्यायला कुणाची ना नाही. म्हणून आकडाच असा छापतात, की दुकानदाराला उदार होता यावं. 425 छापलेली पक्कड मला एकाने 310 ला सांगितली, शेजारच्याने 265 ला आणि समोरच्याने "तुम्हाला म्हणून" 280 ला. पक्कं बिल मागितलं की 18 टक्के वर. "सर्व करांसह"वर बोट ठेवलंत, तर "ते छापलेल्या किमतीचं झालं, साहेब" असं उत्तर मिळतं, आणि त्यात तथ्य नाही असंही म्हणता येत नाही.

आता माल. जबडे मिटून पक्कड उजेडापुढे धरा. तार कापायच्या धारांमधून ट्यूबलाइट दिसली, तर तो चिमटा आहे. उघडझाप करताना जबडे रिव्हेटवर डावी-उजवीकडे डुलत असतील, तर खाली ठेवा. खरी परीक्षा मात्र पाण्याची. पोलाद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतात, त्याला लोहार पाणी देणं म्हणतात. पाणी नीट बसलेल्या धारेवर कानस नुसती घसरते. न बसलेल्या धारेत रुतते आणि चकचकीत कीस पडतो. तेव्हा खिशात छोटी तिकोनी कानस न्यावी, आणि दुकानदार शिडीवर चढला की काम उरकावं. 'क्रोम व्हॅनेडियम' या अक्षरांना भुलू नका. मऊ लोखंडावरही ती उठतात, किंबहुना जास्त ठसठशीत उठतात.

मुठीवर '1000 व्होल्ट' लिहिलेलं असतं. शेजारी दोन त्रिकोणांची खूण नसेल, तर तो आकडा शुभ म्हणून छापलाय असं समजावं आणि मेन स्विच बंद करूनच कामाला लागावं. माझ्या दुसऱ्या पकडीची मूठ माझ्या हातात राहिली आणि बाकीची पक्कड पायाच्या अंगठ्यावर गेली. पहिलीने सायकलचा आरा कापायला घेतला होता. आरा शाबूत राहिला, धारेला खाच पडली. परत नेली, तर दुकानदाराने खाचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "तार कडक असणार."

शेवटची सूचना. घरी आल्यावर भाव कुणाला सांगू नका. शेजारचे काका पकडीकडे बघायच्या आधीच त्यांना ती केवढ्याला मिळाली असती हे ठरवून आलेले असतात. आमच्याकडे तो फरक वीस रुपयांचा असतो. मी यंदा मुद्दाम शंभर रुपये कमी करून सांगितले. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग डुप्लिकेट असणार."