सभ्य अवयवाचं दुखणं

शाळामास्तरला डोकं, घसा आणि गुडघे एवढेच अवयव असतात. खडूने घसा जातो, उभं राहून गुडघे जातात आणि डोकं मुलं खातात. उरलेले अवयव विज्ञानाच्या पुस्तकात असतात. त्यातला पुनरुत्पादनाचा धडा मी वर्षानुवर्षं 'घरी वाचून या' एवढ्यावर उरकत आलोय. म्हणून जामसरच्या भर पावसाळ्यात बेंबीच्या खाली आणि मांड्यांच्या वर कुठेतरी ठणका सुरू झाला, तेव्हा आत नेमकं कोण ओरडतंय हे मला कळेना. धडा मीही घरी वाचलेला नव्हता.

शेजारी विचारायला आले. मी म्हटलं, "कंबर धरलीय." कंबर चारचौघांत काढता येते. एकाने निरगुडीचा पाला आणून दिला, दुसऱ्याने मोहाचं तेल दिलं, तिसऱ्याने सगळा दोष जव्हारच्या रस्त्यावर टाकला. चोळून, शेकून कंबर अशी काही ठणठणीत झाली की विचारू नका. दुखत होतं ते मात्र जिथल्या तिथे.

शेवटी मोबाइलला शरण गेलो. रेंज मिळते एसटीच्या थांब्यापाशी, आणि मराठी टाइप करणं मला जमत नाही. म्हणून छत्रीत तोंड घालून मी फोनच्या कानात कुजबुजलो, "ओटीपोटात दुखणे." पत्र्यावर पाऊस ताशा वाजवत होता. फोनने मला वजनकाट्यांची दुकानं दाखवली. मी आवाज चढवला. फोन म्हणाला, पुन्हा बोला. होता होता माझा दहावी 'ब'ला दटावतानाचा आवाज लागला, "पुरुषांच्या! ओटीपोटात! दुखण्याची! कारणं!"

जव्हारच्या गाडीची वाट बघणारे सगळे वळून पाहू लागले. फोनमधल्या बाईने तेवढ्याच खणखणीत आवाजात वाचायला घेतलं : मुतखडा, लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, अपेंडिक्स, हर्निया, प्रोस्टेटची सूज. बंद करायचं बटण सापडेपर्यंत ती बायकांच्या यादीत शिरली : गर्भाशयातल्या गाठी, बीजकोशातलं सिस्ट, गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढून होणारा एंडोमेट्रिओसिस. त्यातलीही निम्मी लक्षणं मला तंतोतंत जुळत होती.

मागून आवाज आला, "गुरुजी, ते हर्नियाचं परत लावा की."

त्या संध्याकाळपासून गावातले बाप्ये एकेकटे माझ्या पडवीत येऊ लागले. आधी पावसाच्या गप्पा, मग भाताच्या, मग इकडेतिकडे बघून, "गुरुजी, मला पण कमरेचंच आहे." जो तो आपापल्या कमरेवर हात ठेवी आणि तो हात हळूहळू खाली घसरे.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर निघाल्या माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या बाई. "काय होतंय?"

"कंबर."

"बोट ठेवून दाखवा."

माझं बोट पट्ट्याच्या बकलापाशी अडकलं. त्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं. ताप येतो का, लघवीला जळजळ होते का, धार बारीक झालीय का, रात्री किती वेळा उठता? मास्तराची तोंडी परीक्षा चालली होती आणि बाहेरच्या बाकावरची गर्दी शांत बसून उत्तरं तपासत होती.

"पण एवढ्याशा जागेत एवढे रोग कसे?" मी विषय बदलला.

"जव्हारच्या जीपमध्ये बसता ना? कोपर कुणाचं लागतंय ते कळतं?" त्या म्हणाल्या. "आत मूत्राशय, आतड्याचं शेवटचं टोक, स्नायू, नसा, बाईला वर गर्भाशय आणि बीजकोश, तुम्हाला प्रोस्टेट. बऱ्याच जणांच्या कळा त्याच त्या नसांवाटे मज्जारज्जूत जातात, मेंदूला मालक ओळखता येत नाही. म्हणून लघवी तपासायची, गरज पडली तर सोनोग्राफी करायची. आणि हे." एवढं बोलून त्यांनी रबरी हातमोजा चढवला. पुढचा तपशील सोडतो. घरी वाचून या.

निदान झालं प्रोस्टेटच्या संसर्गाचं. गोळ्या पुष्कळ दिवसांच्या, बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत. वर ताकीद : वृषणात अचानक जोराची कळ आली तर पीळ पडलेला असू शकतो, हातात काही तासच असतात. पाळी चुकलेल्या बाईच्या ओटीपोटात एकाएकी दुखून चक्कर आली तर गर्भ नळीत असू शकतो. "तेव्हा तेल चोळत बसू नका, थेट इथे या."

मग बाकाकडे बघून त्या म्हणाल्या, "बायाही कंबरच सांगतात. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या 2 गावांत 650 बायका तपासल्या. 1989 साली ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के."

घरी येऊन हे सगळं मी आकड्यांसकट बायकोला शिकवलं. ती नागलीची भाकरी थापत होती.

"माझी कंबर दर महिन्याला दुखते," ती म्हणाली.

"मग कधी बोलली नाहीस!"

"बोलले की. तुम्ही वह्या तपासता तपासता म्हणालात, शेकून घे."

मी घाईघाईने गर्भाशयातल्या गाठींचे प्रकार सांगायला घेतले. तिने भाकरी उलटली.

"ते डॉक्टरीणबाई सांगतील मला. परत दाखवायला जाल तेव्हा केसपेपर दोन काढा. आणि माझ्यावर कंबर लिहू नका."