सूर्याचे मुकादम

सहलीच्या पहिल्या रात्री जेवणं आटोपून मंडळी बडीशेपेच्या वाटीकडे वळली, की एक गृहस्थ खुर्ची मागे सरकवून उभे राहतात. "उद्या पावणेपाचला सगळे खाली. सनराइज." टूर मॅनेजर कसनुसा हसतो, कारण त्याच्या कागदावर उद्या नाश्ता साडेआठला असतो.

"काका, आंघोळीचं काय?"

"सूर्याला चालतं."

प्रत्येक सहलीत असा एक काका असतोच. मला लाभलेले काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म मजुरांच्या हजेरीपटावर सह्या करण्यात गेला. निवृत्तीनंतर हाताखाली माणूस म्हणून उरला नाही, तेव्हा त्यांनी सूर्याला कामावर घेतलं. तेव्हापासून तो कुठे, किती वाजता हजर होतो आणि किती वाजता कामावरून सुटतो, यावर त्यांची नजर असते. तपकिरी कानटोपी, विजेरी, होकायंत्र, दोन लिटरचा थर्मास आणि एक लांबडी वही एवढा त्यांचा सरंजाम. वहीत रेघा मारून रकाने पाडलेले : ठिकाण, तारीख, पंचांगातली वेळ, प्रत्यक्ष वेळ, शेरा. एकदा बसमध्ये ती वही माझ्या हाती आली. 'विल्सन पॉइंट. हजर. सहा मिनिटे उशीर. कारण : क्षितिजावरचे ढग.' 'पॅनोरमा पॉइंट, माथेरान. गैरहजर. कारण : धुके.' 'गणपतीपुळे. सायंकाळी वेळेवर. वर्तन समाधानकारक.'

डिसेंबर संपता संपता महाबळेश्वरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. काका मंडळींना साडेपाचलाच विल्सन पॉइंटच्या कठड्याशी नेऊन उभं करतात. चहाची टपरी बंद, वारा थेट कानात शिरणारा आणि समोर जे काही आहे ते काळंकुट्ट. मग हा दीड तास भरायचा कशाने? काका तो माहितीने भरतात. ही महाबळेश्वरातली सर्वांत उंच जागा, 1439 मीटर. टेकडीचं जुनं नाव सिंदोळा. विल्सन म्हणजे 1920च्या दशकातले मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन. एवढं सांगूनही अंधार हटत नाही, तेव्हा होकायंत्र निघतं. "पूर्वेकडे बघू नका!" काका ओरडतात. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलेले पन्नास लोक दचकतात. "सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनदा, मार्चात आणि सप्टेंबरात. आता तो 25 अंश दक्षिणेकडे सरकलाय. सगळे उजवीकडे वळा." आणि लोक वळतात. त्यात दुसऱ्या सहलीतलेही असतात, शाळेच्या ट्रिपचे मास्तर असतात, कणसाची शेगडी पेटवायला नुकताच आलेला माणूसही असतो. काकांचा अंदाज चुकत नाही, हे कबूल केलं पाहिजे. ते हात करतात तिथेच आभाळ तांबूस होतं आणि तिथूनच ती केशरी कड वर येते. लोक टाळ्या वाजवतात. काका मान किंचित लववून त्या स्वीकारतात.

विल्सन पॉइंटवरून सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही दिसतात. काकूंनी एकदा साधा प्रश्न विचारला, "मग संध्याकाळी पुन्हा बॉम्बे पॉइंटला कशाला मरायचं?"

"ते खातं वेगळं," काका म्हणाले.

काकूंविषयी थोडं सांगायला हवं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यांनी पहाटे उठून पाहिली. आता त्या लॉजच्या गॅलरीत शाल गुंडाळून, रूमवर मागवलेला चहा घेत बसतात आणि उगवायचं ते तिथूनच बघतात. काकांना हा सूर्योदय मान्य नाही. गॅलरीतला सूर्य वहीत चढत नाही.

संध्याकाळचे काका मात्र सकाळच्या काकांहून जास्त धोकादायक. बॉम्बे पॉइंटला घोड्यांची लीद, स्ट्रॉबेरी क्रीमचे पेले आणि नवपरिणीत जोडपी यांतून वाट काढत ते कठड्यापाशी पोचतात. तिथे एक तरुण हात लांब करून, सूर्य चिमटीत धरल्याचा फोटो काढून घेत असतो. "थोडा खाली... अंगठा डावीकडे... पकडलास!" हे दिग्दर्शन काकांचंच. मुलगी खूश, मुलगा खूश. तेवढ्यात काका शांतपणे सांगतात, "तू पकडलायस तो सूर्य तिथे नाहीच." मुलगा चिमटीकडे बघतो. मग त्याला वातावरणातलं प्रकाशाचं वक्रीभवन ऐकावं लागतं. क्षितिजाला टेकलेलं बिंब आपल्याला दिसत असतं, तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. हवा त्याचे किरण वाकवून त्याला वर उचलून दाखवते, तेही त्याच्या स्वतःच्या रुंदीहून थोडं जास्तच. शिवाय तो प्रकाश निघालेला सव्वाआठ मिनिटांपूर्वी. हे ऐकून ती मुलगी नवऱ्याकडे अशी बघते की जणू त्यानेच काही लपवून ठेवलं होतं.

बिंबाची खालची कड टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत आपल्याकडे सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात. काका ती घड्याळ लावून मोजतात आणि मोठ्याने पुकारतात. उलटी मोजणी सुरू झाली की लहान मुलं त्यांच्याभोवती जमतात आणि त्या गलक्यात सूर्य जातो. तो गेला की पॉइंट पाच मिनिटांत रिकामा! पार्किंगमध्ये हॉर्न सुरू होतात, आपापल्या गाडीतल्या माणसांची मोजदाद होते, 'आपली मावशी कुठंय?' अशा हाका येतात. काका जागचे हलत नाहीत. ड्रायव्हर येऊन बोलावतो तरी नाही. "आत्ता कुठे सुरू होतंय," म्हणतात. आणि इथे मी त्यांच्या बाजूचा आहे. सूर्य बुडाल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं हाच खरा सूर्यास्त. बिंब खाली असतं, पण वरच्या ढगांवर त्याचा उजेड अजून पडत असतो. तो हवेच्या इतक्या लांब थरातून आलेला असतो की निळा वाटेतच विखुरून गेलेला आणि उरलेला फक्त तांबडा. राखी ढग खालच्या बाजूने पेटतात, मग गुलाबी, मग जांभळे होतात. पैसे भरून आलेली गर्दी हे सोडून हॉटेलच्या पावभाजीकडे धावते. या वीस मिनिटांत काका एक शब्दही बोलत नाहीत. वहीत या वेळेसाठी रकाना नाही.

माथेरानला त्यांची सगळ्यांत मोठी फजिती होते, पण ती ते फजिती मानत नाहीत. तिथे गाड्यांना बंदी. दस्तुरीच्या पुढे बहुतेक पाय किंवा घोडा. पॅनोरमा पॉइंट गावाच्या उत्तर टोकाला, बाजारापासून बराच लांब. अंधारात, तांबड्या मातीतून, माकडांच्या देखरेखीखाली एवढं चालायचं आणि समोर धुक्याचा पांढरा पडदा. मंडळी काकांकडे बघतात. काका वही उघडतात. संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटला पुन्हा वरात.

पण या माणसाचा खरा कस दार्जिलिंगला लागला. देशभर घड्याळ एकच आणि तेही साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं. त्यामुळे मुंबईचा सूर्य घड्याळाच्या 39 मिनिटं मागे चालतो (मुंबईने 1955 पर्यंत स्वतःची वेगळी वेळ जपली होती, हे काका अजून अभिमानाने सांगतात) आणि दार्जिलिंगचा पुढे. मे महिन्यात तिथे पावणेपाचच्या सुमारास सूर्योदय. म्हणजे काकांच्या हिशोबाने उठायचं दोनला! टायगर हिल 2590 मीटर, जीपगाड्यांची लांबच लांब रांग, वर माणसांची दाटी. या खेपेला काकूही आल्या होत्या, कारण लॉजला गॅलरी नव्हती. काका घड्याळ हातात धरून पूर्वेकडे खिळले. पूर्वेला क्षितिजाशी ढगांचा पट्टा. 4.45. 4.48. "उशीर," काका पुटपुटले, "शेरा मारावा लागणार."

"अहो, इकडे बघा," काकू म्हणाल्या.

"थांब गं, येईल आता."

काकू उत्तरेकडे तोंड करून उभ्या होत्या. तिकडे 8586 मीटर उंचीचं कांचनजंगा. जमिनीवरच्या आपल्यासारख्यांना सूर्य दिसण्याआधीच त्या उंचीवर तो पोचलेला असतो. टोकाला आधी गुलाबी ठिपका उमटला, मग तो रंग बर्फावरून खाली ओघळत आला आणि पाहता पाहता सगळा डोंगर सोन्याचा झाला. निम्मी गर्दी वळली. काका वळले नाहीत. त्यांची वेळेची नोंद व्हायची होती. ढगांच्या पट्ट्यावर सूर्य आला तेव्हा त्यांनी ती केली, समाधानाने वही मिटली आणि मागे वळले. तोवर कांचनजंगा नुसतं पांढरं होतं. परतीच्या जीपमध्ये काकू काही बोलल्या नाहीत. घूमच्या स्टेशनापाशी फक्त एवढंच म्हणाल्या, "तुमच्या वहीत डोंगराचा रकाना वाढवा."

त्यांनी खरंच वाढवला.

पुण्यात त्यांच्या घरी गेलो तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची त्यांची झोपण्याची खोली थेट पूर्वेला उघडते, हे पाहून मी हुरळलो. पण खिडकीच्या काचांवर आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. सकाळी तोंडावर ऊन येतं म्हणून. काका आठला उठतात. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "घरचा सूर्य आहे तो. त्याची काय हजेरी घ्यायची?"

या वर्षी चैत्री पौर्णिमेला कन्याकुमारी गाठायचं त्यांच्या मनात आहे; एका बाजूला सूर्य समुद्रात बुडताना दुसऱ्या बाजूने चंद्र वर येतो म्हणून. एकाच वेळी दोघांची हजेरी आणि दोघं उलट दिशांना! शिवाय विवेकानंद शिलास्मारकापाशी ते उभारणाऱ्या एकनाथ रानड्यांवर काकांचं भाषण होणार, ते वेगळंच. वहीला जोड वही शिवून तयार आहे. काकूंचं तिकीट काढलेलं आहे, त्यांना विचारलेलं नाही.

तुमच्या पुढच्या सहलीच्या यादीत असे कोणी काका निघाले, तर त्यांच्या शेजारची खोली घेऊ नका. पहाटे टकटक पहिली तिथेच होते. गाडीत मात्र त्यांच्या मागची सीट मिळवा. थर्मासमधला चहा मागे यायला लागतो तेव्हा पहिला पेला त्याच सीटला मिळतो आणि त्यात आलं भरपूर असतं.