माजी पैलवान

खासबागेत मैदान असलं की माजी पैलवानाला पास लागत नाही. दारावरचा पोरगा "पास?" म्हणाला की हे नुसती मान वळवून डावा कान त्याच्यापुढं करतात. पोरगा मुकाट्यानं बाजूला होतो. वर्षानुवर्षं लढतीत डोकं घासून कानाच्या कूर्चेवरचं आवरण सुटतं, आत रक्त साकळतं, कूर्चा मरते आणि जागेवर घट्ट गाठ राहते. मोडलेला कान पुन्हा उलगडत नाही. शाहू महाराजांनी 1912 साली उभ्या केलेल्या मैदानात त्याच्याइतकं पक्कं ओळखपत्र दुसरं कुठलं?

बाकीच्या शरीरानं मात्र बेइमानी केली. मेहनत करणाऱ्याचं हृदय ऐसपैस होतं, एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं. म्हणून बसल्याजागी नाडी पन्नाशीच्याही खाली उतरते. ऐन उमेदीत यांची नाडी बघताना डॉक्टरांनी घड्याळ बंद पडलं की काय म्हणून हलवून पाहिलं होतं म्हणे. तालीम सुटली, आणि पंधरा दिवसांत रक्तातलं पाणी आटलं. त्यामागोमाग दम गेला. आता माडीवर पोचले की कठडा धरून उभे राहतात. "पायऱ्या उंच केल्यात काय रं ह्या?"

ताकद तेवढी रेंगाळत गेली. अजून पुरती गेली नसावी, कारण यांच्याशी हात मिळवला की नंतर चहाचा कप डाव्या हातानं धरावा लागतो.

मॅटवरच्या कुस्तीचा विषय यांच्यापुढं काढू नये. "3-3 मिनटांच्या दोन फेऱ्या? तेवढ्यात आमचा लंगोट बांधून हुईत न्हवता!" खरं तर त्या सहा मिनिटांत पोरांच्या मांड्या पेटतात, छाती भात्यासारखी चालते. पण यांना ते पटवायला कोण जाणार?

हात लागला नाही तो भुकेला. व्यायाम सुटला, खुराक सुटला नाही. बदामाची थंडाई, तूप, मटण, आणि संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात. सारं जिरवायला पूर्वी जोर-बैठका होत्या. हल्ली पोट आहे. परवा रक्तात साखर निघाली. "दूध निम्म्यावर आणा," डॉक्टरांनी बजावलं. वस्तादाचा शब्द कधी मोडला नाही, तर डॉक्टरांचा कसा मोडतील? पूर्वी दोन पेले भरून घ्यायचे. आता चार घेतात, निम्मे निम्मे.