मान सरळ, चाकं वर

लग्नाचे फोटो काढण्यात माझी 32 वर्षं गेली. एवढ्या वर्षांत हजारो माणसांना मी एकच गोष्ट सांगत आलो : हलू नका. नवरदेव, हलू नका. करवली, तू पण. आजी, पापणी. त्यामुळे सॅन डिएगोचा भाचा फोनवर म्हणाला, “मामा, नोव्हेंबरात येताच आहात, तर मेक्सिकोत बाहाची रेस बघू, फोटो तुम्ही काढा,” तेव्हा मला फार काही वाटलं नाही. अंतरपाट पडल्या क्षणी चहूबाजूंनी अक्षतांचा मारा चालू असताना ज्याने फोकस धरलाय, त्याला गाड्यांचं काय?

बायकोने येण्यास नकार दिला. “धूळच खायची तर घरचा माळा झाडा. त्याला विमानाचं तिकीट लागत नाही.”

अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, त्यामुळे सीमा ओलांडणं दादरचा पूल ओलांडण्याइतकं सोपं गेलं. (परतीची रांग कशी होती, ते विचारू नका.) तिहुआनाहून समुद्राच्या कडेकडेने टोलचा रस्ता धरला, शंभरेक किलोमीटरवर एन्सेनादा आलं. या गावात माशाचे टाको मिळतात. पिठात घोळवून तळलेला मासा, वर चिरलेला कोबी, लिंबू आणि डोळ्यांतून पाणी काढणारी चटणी. चार खाल्ले. पाचवा भाच्याने खाऊ दिला नाही, म्हणे उद्या माळरानात संडास नाही.

रेसच्या आदल्या दिवशी सगळ्या गाड्या रस्त्यावर मांडून ठेवतात, तपासणी होते, आणि अख्खं गाव त्यांच्याभोवती लग्नघरासारखं फिरतं. ट्रॉफी ट्रक नावाचं प्रकरण मी तिथे पहिल्यांदा जवळून पाहिलं. नऊशे-हजार हॉर्सपॉवर, माझ्या कमरेपर्यंत येणारी चाकं, आणि मागचं चाक अडीच-तीन फूट वरखाली होईल असं सस्पेन्शन. आमच्या एसटीला यातलं निम्मं असतं तर माझ्या मणक्याची चौथी चकती आज जागेवर असती. गाड्यांपेक्षा पोरं जास्त. हात पुढे करून प्रत्येकाला एकच शब्द : “स्टिकर! स्टिकर!” माझ्या गळ्यात कॅमेरा बघून मलाही. माझ्याकडे माझ्या स्टुडिओचं कार्ड होतं. एका पोराने ते घेतलं, उलटून पाहिलं, मागे गोंद नाही म्हणून परत दिलं.

दुसऱ्या दिवशी ओहोस नेग्रोसच्या बाजूला, आडरानात. इथली जमीन वरून घट्ट दिसते आणि पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. इंग्रजीत त्याला सिल्ट म्हणतात, आपल्याकडे त्याला सरळ फुफाटा म्हणतात. टाल्कम पावडरीपेक्षा बारीक. भाच्याने दोन नियम सांगितले : वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभं राहायचं नाही, कारण सुटलेली गाडी तिकडेच येते. आणि गर्दी दिसेल तिथे जायचं नाही.

पहिला मी पाळला. दुसरा पाळणं विसर्जन बघत वाढलेल्या माणसाला शक्य नव्हतं. पुढे शंभरेक माणसं घोळक्याने उभी, सगळ्यांचे फोन वर. मी त्यात घुसलो. त्यांनी रात्रीत वाटेवर मातीचा उंचवटा रचून ठेवला होता, ट्रक उडावा म्हणून. ही तिथली जुनी परंपरा. पण जुने ड्रायव्हर वस्ताद असतात. ओसाड माळावर उगाच शंभर माणसं फोन धरून उभी दिसली, की त्यांना कळतं इथे काहीतरी आहे. आधी डोक्यावर हेलिकॉप्टर आलं, म्हणजे पुढे ढोल आणि मागे वरात असतेच. मग तो अजस्र ट्रक आला, उंचवट्यापाशी हळू झाला आणि नव्या सुनेसारखा जपून उतरला.

जागा बदलली. पुढचा ट्रक खरोखर उडाला, चारही चाकं जमिनीपासून वर. मी शटर 1/2000 ला ठेवलं होतं, कारण आयुष्यभराचा धर्म : काही हलता कामा नये. फोटो इतका स्पष्ट आला की टायरवरचं नाव वाचता येत होतं. आणि ट्रक जणू कोणीतरी क्रेनला टांगून ठेवलाय! चाकांच्या आऱ्याही जागच्या जागी. हजार हॉर्सपॉवरचा मी आरटीओच्या आवारातला जप्त माल करून टाकला होता.

“मामा, 1/125 ला या. आणि गाडीबरोबर तुम्ही फिरा.”

म्हणजे फोटोग्राफरने हलायचं! कोपर बरगड्यांना टेकवून, कमरेतून, जात्यासारखं. पहिल्या चाळीस फोटोंत गाडीचं मागचं अर्धं आलं, पुढच्या चाळीसांत फक्त निवडुंग. शिवाय मी सवयीने उजेड पाठीशी घेऊन उभा होतो. इथे वारा पाठीशी घ्यायचा असतो. गाडी गेली, की तिचा फुफाटा वळून सावकाश माझ्या अंगावर यायचा आणि पुढची दोन मिनिटं मला माझा हात दिसत नसे. त्याच अंधारात मी लेन्स बदलली. सेन्सरवर त्या दिवशी बसलेले डाग अजून आहेत. परवा एका साखरपुड्यात नवरीने विचारलं, माझ्या गालावर हा तीळ कुठून आला.

एक फोटो मात्र साधला. बग्गी, आणि तिच्यात बसलेल्या माणसाचं हेल्मेट लख्ख स्पष्ट, बाकी सगळं वाहून चाललेलं. तो मी स्क्रीनवर इतक्या वेळा मोठा करून पाहिला की पुढच्या तीन गाड्या निघून गेल्या.

दुपार कलली तेव्हा लोक ओरडायला लागले, “वोचो! वोचो!” साध्या बीटल गाड्यांचा वेगळा वर्ग असतो, 1600 सीसी इंजिन, जवळपास जशी शोरूममधून निघाली तशी. सगळ्यांच्या शेवटी सुटतात. हसू नका. 1967 साली पहिली रेस झाली, ती विक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी 27 तास 38 मिनिटांत मारली, आणि त्यांची मायर्स मँक्स बग्गी बीटलच्याच हाडांवर उभी होती.

त्यातली एक पिवळी बीटल माझ्यासमोर आली आणि फुफाट्यात रुतली. पूर्ण थांबली. काचेतून दोन धुळीचे पुतळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून आपोआप गेलं, “हलू नका!” ते कुठले हलताहेत. दिवसभरातला सगळ्यात नेटका फोटो.

मग ढकलली. मी, भाचा, आठ-दहा गावकरी आणि कालचं ते कार्ड परत देणारं पोरगं. मागचं चाक सुटलं, माझ्या तोंडात किलोभर मेक्सिको गेलं, आणि निघता निघता ड्रायव्हरने खिडकीतून माझ्या हातात एक स्टिकर कोंबला. मी तो लेन्सच्या हुडावर लावणार, एवढ्यात पोराने माझ्याकडे असं काही पाहिलं, की दिला. डोळे पुसत तो सायकलवर बसला. सायकलच्या दांडीवर तेच पिवळे स्टिकर ओळीने चार.

“मामा,” भाचा म्हणाला. पुढचं तो बोलला नाही.