नवशिक्यांसाठी: फक्त अठरा गाड्या कशा बनवाव्यात

मोकळी शेड, दोन-चार हातोड्या आणि पैशाशी जुनं वैर असेल तर ही कृती कुणालाही जमते. नमुना म्हणून अल्फा रोमिओची 1967 ची '33 स्त्रादाले' घेतली आहे. 'स्त्रादाले' म्हणजे इटालियनमध्ये 'रस्त्यावरची'. अर्थ पाठ करून ठेवा, गाडी बघून तो सुचणार नाही.

पायरी 1 : आधी रेसची गाडी मिळवा. अल्फाकडे 'टिपो 33' होती. रेसिंगचं काम त्यांच्या 'ऑटोडेल्टा'कडे असे आणि तिथल्या मुख्य अभियंत्याचं नाव होतं कार्लो किती. त्यामुळे खर्चाचं कुणी विचारलंच, तर प्रश्नातच उत्तर. इंजिन व्ही-8, आठ सिलिंडरला सोळा स्पार्क प्लग, आकार जेमतेम 1995 सीसी. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या डिझेल जीपपेक्षा लहान. पण मिनिटाला 8800 फेऱ्यांना हे इंजिन 230 च्या आसपास अश्वशक्ती देतं. आता पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 10 सेंटीमीटरनं वाढवा, म्हणजे आत माणूस मावेल. ग्राहकाच्या सोयीचा विषय इथेच संपला. बाहेरचे आरसे, सामानाची जागा, दाराला कुलूप यांतलं काहीही बसवू नका.

पायरी 2 : चित्र काढणारा शोधा. अल्फानं फ्रांको स्काल्योनेला बोलावलं. गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या बेर्तोने कंपनीसाठी 1953 ते 1955 मध्ये त्यानं 'बाट' मालिकेतल्या तीन गाड्या आखल्या होत्या, मागे वटवाघळासारखे पंख असलेल्या. अशा माणसाला सूचना फार देऊ नयेत, एक उंची सांगावी : 99 सेंटीमीटर. स्वयंपाकघरातल्या ओट्यापेक्षा वीतभरही जास्त नाही. आता आत शिरायचं कसं, ही अडचण त्याची. त्यानं दारं बाजूला न उघडता पुढून वर उचलली आणि काच छतापर्यंत वळवत नेली. उघडल्यावर गाडी पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी दिसते. बसताना माणूस कसा दिसतो, ते कुणी बघू नये.

पायरी 3 : अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ठोका. खरं काम हे. आधी सुताराकडून गाडीच्या आकाराचा लाकडी साचा करून घ्या. त्यावर पत्रा लावून बघायचा, काढायचा, ठोकायचा, परत लावायचा. असं शंभर वेळा.

अ‍ॅल्युमिनियम थंड असताना हट्टी असतं. तापवून मऊ करावं, तर लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. बघता बघता वितळून खाली पडतं. यावर कारागिरांचा तोडगा अंघोळीच्या साबणाचा. पत्र्यावर साबणाची वडी घासा, मागून गॅसची ज्योत फिरवा. साबणाची रेघ काळी पडली की थांबा. पत्रा निवला की कापडासारखा वळतो. वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीनं ठोका, मग दोन रोलरांमधून पुढे-मागे ओढत गुळगुळीत करा. ठोकता ठोकता तो पुन्हा ताठर होतो. पुन्हा साबण, पुन्हा ज्योत.

पुण्याच्या तांबट आळीत कुणाला हे नवल वाटणार नाही. तांबंही तापवून मऊ करतात आणि ठोकून घट्ट करतात. फरक शेवटी पडतो. तांबट मठारकामाचे ठसे भांड्यावर मिरवतो, झळाळी त्या ठशांचीच. गाडीच्या कारागिराला मात्र आपला प्रत्येक ठोका पुसायचा असतो. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तो तळहातानं शोधतो आणि कानशीनं घालवतो. काम जितकं चांगलं, तितका त्यात त्याचा मागमूस कमी.

असे हात कुठे मिळतील? एखादा नामांकित कारखाना बंद पडण्याची वाट बघा. मिलानची 'टूरिंग' 1966 अखेर बंद पडली. तिथली माणसं घेऊन उभ्या राहिलेल्या 'मारात्सी'नं स्त्रादालेच्या बॉडी बनवल्या.

पायरी 4 : चुका पुढच्या गाडीत सुधारा. सुरुवातीच्या नमुन्यांना पुढे चार दिवे होते, नंतरच्या गाड्यांना दोन. ब्रेकची गरम हवा कोंडते हे कळल्यावर चाकांमागे झरोके आले. कारखान्यात अशा बदलासाठी मोठा साचा मोडावा लागतो. इथे कारागिराला हाक मारली की झालं. म्हणूनच एक स्त्रादाले दुसरीसारखी नाही.

पायरी 5 : विका. किंमत 97 लाख 50 हजार लिरा. डॉलरमध्ये सुमारे 17,000, म्हणजे 1968 च्या जगातल्या सर्वांत महाग गाड्यांच्या पंगतीत. एवढं होऊनही अठरा चॅसिसपैकी पाच उरतील. घाबरू नका, त्या इतर कलाकारांना वाटून टाका. एकीवर बेर्तोनेच्या मार्चेल्लो गांदिनीनं 1968 मध्ये पाचरीसारखी 'काराबो' बसवली. कात्रीसारखी वर उघडणारी तिची दारं पुढे त्यानंच लॅम्बोर्गिनी काउंटाशला दिली, आणि ती गाडी पोस्टर होऊन पोरांच्या खोल्यांतल्या भिंतींवर जाऊन बसली. नफा मात्र कुणी विचारू नये. विचारलाच, तर मुख्य अभियंत्याचं नाव सांगावं.

पायरी 6 : तपासणी. रंग वाळला की टेप घ्या. डाव्या चाकाच्या कमानीपासून दारापर्यंत मोजा, मग उजवीकडे मोजा. चार-दोन मिलिमीटरचा फरक आला, तर गाडी तयार. ज्यानं आपला प्रत्येक ठोका पुसला, त्याची तेवढीच सही गाडीवर राहिलेली असते. दोन्ही बाजू तंतोतंत जुळल्या, तर कुणीतरी गुपचूप यंत्र लावलंय. साबण आणा, पायरी 3 पासून पुन्हा सुरू करा.