आपापलं दुखणं

अंगावर गांधी उठल्या की साताऱ्यात कारण शोधायला जावं लागत नाही, ते घरपोच येतं. आईच्या मते वांगं. तेही साधंसुधं नव्हे, सांगलीच्या मामीने प्रेमाने धाडलेलं कृष्णाकाठचं. मामीच्या मते साताऱ्याचा गार वारा. शेजारच्या निवृत्त तलाठ्यांनी तर माझ्याकडे न बघताच "जंत!" असा शेरा मारला. आमसुलाचं पाणी चोळून चोळून माझी सोलकढी झाली, गांधी मात्र जागच्या जागी. शेवटी मामीनेच फर्मान काढलं, "ऊठ, मिरजेला ये."

दुखणं हट्टाला पेटलं की आमच्याकडे मिरजच. १८९४ साली वानलेस नावाच्या कॅनेडियन मिशनरी डॉक्टरने तिथे इस्पितळ काढलं, तेव्हापासून आमच्या बाजूचे आणि पार कर्नाटकातले पेशंट मिरज गाठत आलेत. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पाठीवर बोथट काडीने रेघ ओढली, ती टरारून फुगेपर्यंत शांतपणे पाहिली आणि कागदावर लिहिलं, 'क्रॉनिक इडिओपॅथिक अर्टिकेरिया'.

मामीने 'इडिओ'पर्यंत वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "एवढ्यात ओळखलं त्यांनी?"

डॉक्टर रसिक निघाले. ग्रीकमध्ये 'इडिओस' म्हणजे स्वतःचं आणि 'पॅथॉस' म्हणजे दुखणं, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन एखाद्या अवयवाच्या घरच्या, दुसरीकडून न आलेल्या दुखण्याला असं म्हणे. पुढे अर्थ घसरत घसरत 'कारण ठाऊक नाही' इथवर आला. आणि हो, 'इडियट' याच घराण्यातला. जुन्या ग्रीसमध्ये गावकीत न पडता आपलं आपलं बघणारा माणूस म्हणजे 'इडिओटीस'. या हिशेबाने साताऱ्याच्या पोवई नाक्यावर एकही इडियट सापडायचा नाही. तिथे चहा येईपर्यंत दिल्लीचं सरकार दोनदा पडतं.

आईला, मामीला, तलाठ्यांना कारण पक्कं ठाऊक. ठाऊक नाही ते फक्त एमडी झालेल्या माणसाला! पण त्याने ते लिहून दिलं, सहीशिक्क्यानिशी. आपल्याकडे 'माहीत नाही' म्हणायला माणसं मरणाची लाजतात. मला तरी ती फी वसूल वाटली.

तुमच्याही कागदावर हा शब्द आला तर घाबरू नका. गोळ्या वेळेवर घ्या, बहुतेकांच्या अशा गांधी कालांतराने आपसूक थांबतात. फक्त घरी शब्दाचा अर्थ सांगू नका. कारणाची जागा रिकामी आहे म्हटल्यावर अर्ज यायला लागतात.